कामिनीचा पान्हा

"खरं सांग, हाई पोर कोनी शे?" सुगंधाबाईंनी दार लोटून घेत सुनेला विचारलं.

कामिनीच्या मांडीवर भाविका चुटुचुटु दूध पीत होती. दत्तक घेतलेली ही मुलगी घरी येऊन आठवडाही झाला नव्हता.

"आई, संस्थेतून तुमच्यासमोरच आणली ना?"

"बायतीन नही, काही नही, मंग दूध कोठून ऊनं?"

 बाळंत न होताच दूध कसं आलं, ते कामिनीलाही कळत नव्हतं. डॉक्टर मोहिनींनी सांगितलं होतं, बाळाला छातीशी धरत राहा, सोबत बारीक नळीनं वरचं दूध द्या. हळूहळू थोडंफार तुमचंही येईल. पण पहिल्याच दिवशी ब्लाउज भिजला. नळी तशीच पडून राहिली.

पिंप्राळ्याच्या कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारची कोकिळा डिंकाचे लाडू घेऊन आली आणि हसत म्हणाली, "मागचा पावसाळाभर तू जामनेरला माहेरीच होतीस, नाही का?"

सुगंधाबाईंनी ते ऐकलं. त्यांच्या मुलानं, भूपेंद्रनंही.

दीपनगरला ड्यूटीवर निघताना त्यानं डबा घेतला नाही. दारात थांबून बायकोला एवढंच म्हणाला, "माझ्यापासून काही लपवलंयस?"

कामिनीचं डोकं ठणकत होतं. तसं ते नेहमीच दुखायचं. तिनं भाविकाला उचललं.

"सुट्टी टाका. आईंनाही घ्या. डॉक्टरांसमोरच काय ते विचारा."

डॉक्टर मोहिनीही चक्रावल्या. त्यांनी कामिनीला नीट तपासलं, रक्त घेतलं, मग डोक्याचा एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट आल्यावर तिघांना पुन्हा बोलावलं. तिघं खुर्च्यांवर बसतात तोच भाविका रडू लागली, तसं कामिनीनं तिला पदराखाली घेतलं.

"एक गोष्ट आधी सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "हिला याआधी मूल झालेलं नाही. मनात काही असेल तर काढून टाका."

भूपेंद्रनं मान खाली घातली. सुगंधाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंग हाई दूध देवीनीच दिधं, माय! मन्ही नात शे ती, मन्ही!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "लग्नाला इतकी वर्षं झाली. हिला कधी कुठे दाखवलं होतं?"

"दवाखान्यात कशाला?" सुगंधाबाई म्हणाल्या. "नवस करेल व्हतात ना समदा."

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. मेंदूच्या खाली एक बारीक ठिपका दिसत होता.

"ही गाठ. जुनी आहे, पण साधी आहे, गोळ्यांनी जाते. हिच्यामुळेच कामिनीला दिवस राहत नव्हते, आणि हे दूधही या गाठीमुळेच."

 पदराखाली भाविका घुटके घेत होती.

"गोळ्या सुरू केल्या की तुमचं स्वतःचं मूल होऊ शकेल," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त हिचं दूध आटेल."