दोन मनोऱ्यांच्या मध्ये

"तुमचं यंत्र ओरडतंय," सरकारी तपासनीस बाई म्हणाल्या आणि हातातलं मोजणीयंत्र त्यांनी ताईसमोर धरलं. पडद्यावरची रेघ मर्यादेच्या पार वर गेली होती.

ताईला त्यात नवल वाटलं नाही. ती रेघ तिनेच चढवली होती.

वस्तीत लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. जिथे कंपन्यांच्या तारा पोचत नव्हत्या, तिथे ती हवेतून इंटरनेट पोचवायची. आपल्या गच्चीवर मनोरा, ग्राहकाच्या छपरावर छोटी तबकडी, की झालं काम. ज्या रेडिओलहरींवरून ते जातं, त्यांना परवाना लागत नाही. कुणीही वापराव्यात, फक्त ठरवून दिलेल्या ताकदीबाहेर जाऊ नये. यंत्र बसवताना ते आधी देश विचारतं आणि त्या देशाच्या नियमात स्वतःला बसवून घेतं. ताईने त्याला भलत्याच देशाचं नाव सांगितलं होतं. तिथले नियम सैल होते.

तिच्या मते हे सगळं धाकट्यामुळे झालं. तिचा सख्खा भाऊ. मनोऱ्यावर चढायला तिच्याच हाताखाली शिकला. मग एक दिवस "तू मला कायम नोकरच समजलीस" म्हणाला, आणि खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचा मनोरा उभा केला. दोघांच्या लहरी एकमेकींत घुसायला लागल्या. त्याने ताकद वाढवली, तशी हिच्या ग्राहकांची चित्रं अडकली. मग हिने वाढवली. मग पुन्हा त्याने. शेरास सव्वाशेर. बोलणं तर कधीच बंद पडलं होतं.

"तक्रार कुणी केली?" ताईने विचारलं.

"नाव सांगता येत नाही."

"नका सांगू. मला कळलं. घरचाच भेदी आहे. पण त्याचाही मनोरा एकदा बघा, बाई. तो माझ्यापेक्षा जास्त ओरडतो."

"आत्ता तिथूनच येतेय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तेही हेच म्हणाले. अगदी याच शब्दांत."

ताईने नजर गच्चीवरच्या मनोऱ्याकडे वळवली.

"त्यांनी ताकद उतरवली आहे. आता तुम्ही उतरवा. नाहीतर मला यंत्राला सील लावावं लागेल."

"उतरवली तर धरणाजवळच्या दवाखान्याचं नेट तुटेल हो! तिथे डॉक्टर नाही. सिस्टर एकट्याच असतात. पेशंट समोर बसवून शहरातल्या डॉक्टरांना दाखवतात. त्यांनी काय करायचं?"

"आधी उतरवून तर बघा."

ताई लॅपटॉप घेऊन पायरीवर बसली. देशांच्या लांबलचक यादीतून तिने आपल्या देशाचं नाव शोधलं. चोरून उचललेली वस्तू सगळ्यांदेखत जागेवर ठेवावी, तसं तिला वाटलं. रेघ खाली आली. घाबरतच तिने दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, गेलं का नेट?"

"अहो, मीच तुम्हाला फोन करणार होते! डॉक्टरांचा आवाज आज पहिल्यांदा सलग येतोय. काय नवीन बसवलंत?"

काय बसवलं, ते ताईला सांगता येईना. "बघते, मग बोलते," म्हणून तिने फोन ठेवला.

बाई मोजणीयंत्र पिशवीत ठेवत होत्या. "दोघंही ओरडत होतात," त्या म्हणाल्या. "मग ऐकू कुणाचं येणार? आता कुणी कुठला चॅनल, म्हणजे लहरींचा कुठला पट्टा घ्यायचा, तेवढं आपसात ठरवा. नाहीतर पुन्हा एकमेकांच्या अंगावर याल. ते मात्र नियमात लिहिलेलं नाही. ते तुम्हालाच बोलून ठरवावं लागेल."

बोलून. ताईने धाकट्याचा नंबर काढला, परत फोन बाजूला ठेवला. मग पुन्हा काढला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला. कुठे भेटायचं यावर मात्र दोघं अडले. तुझ्याकडे नको, माझ्याकडे नको. शेवटी आईचं घर ठरलं. ते खोऱ्यात बरोबर मधोमध होतं.

आईने चहा ठेवला. तिच्या एका खिडकीत लेकीने दिलेला नेटचा डबा होता, दुसऱ्या खिडकीत लेकाने दिलेला. दोन्हींचे दिवे लुकलुकत होते. दोन वर्षांत एकावरही तिला धड बोलता आलं नव्हतं, आणि तसं तिने दोघांनाही कधी सांगितलं नव्हतं.

धाकटा खाली मान घालून बसला होता. "वरचे चॅनल तू घे, ताई," तो म्हणाला. "धरणाकडे तेच बरे पोचतात. मला खालचे चालतील."

ताईला वाटलं होतं, घासाघीस होईल. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो वाळला होता. उन्हात मनोऱ्यावर चढून चढून काळवंडला होता. शिकवताना तिने त्याला टोपी घाल म्हणून कितीदा बजावलं होतं!

"बरं," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पण सरकारी ऑफिसात जायची काय गरज होती रे? एक फोन केला असतास तर मी ताकद उतरवली नसती का?"

त्याने चमकून वर पाहिलं. "मी? तक्रार तर तू केलीस ना?"

"मी कशाला करू?"

"मी केली," कपात चहा गाळता गाळता आई म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघतच राहिली.

"आई, तू? स्वतःच्या पोटच्या मुलीची तक्रार केलीस?"

"दोघांची केली," आईने दोन्ही कप एकदमच पुढे सरकवले. "एकाचीच केली असती, तर नुसती दुसऱ्याचीच आई उरले असते."