एकाच सुराची शिट्टी

"बाबा, ऐका हं. नॉइज आधी मोठा करायचा, म्हणजे कुठे आहे ते कळतं. मग काढायचा."

कुशच्या लॅपटॉपवर एक आडवी रेघ होती, रेघेवर एक ठिपका. डॉक्टर अजयांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण उद्या त्यांच्या बायकोचं, सुनीतीचं वर्षश्राद्ध होतं. भाची वरदा वॉटफर्डहून लेकीला घेऊन येणार होती. त्या लेकीच्या बारशाला सुनीतीने स्वतः पाळणा रचला होता. खोकल्यामुळे जाता येईना, तर किचनमध्ये बसून फोनवर म्हणून पाठवला. तो साफ करून उद्या सगळ्यांना ऐकवायचा होता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सुनीती फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली.

"काहीच लक्षण नव्हतं हो," असं डॉक्टर वर्षभर भेटेल त्याला सांगत आले होते. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांच्या छात्या तपासलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? या एका वाक्याच्या आधारावर त्यांनी वर्ष काढलं होतं. झोप लागत होती तीही त्याच्याच जोरावर.

कुशने रेकॉर्डिंग सुरू केलं. स्पीकरमधून सुनीती गाऊ लागली. मागे किचनच्या पंख्याची घरघर होती. कुशने ठिपका डावीकडे, जाड आवाजांकडे सरकवून खाली ओढला आणि घरघर गेली.

"आता दुसरा. बारीक शिट्टी आहे, आई थांबली की येते. मला वाटलं, केटल असेल."

त्याने नवा ठिपका घेतला, वर ओढला आणि रेघेवर हळूहळू सरकवू लागला. सुनीतीचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. मग एका जागी शिट्टी एकदम उसळून वर आली. बारीक, लांब. सुनीतीने श्वास सोडला की वाजायची. पुढच्या श्वासाला पुन्हा.

"सापडला! बघा, प्रत्येक वेळी सेम नोट. जरापण हलत नाही. म्हणून तर काढायला इझी."

डॉक्टरांनी टेबलाची कड धरली.

दम्याची छाती अनेक सुरांत वाजते. एकच सूर श्वासागणिक तसाच वाजत राहिला, तर श्वासनळीत एका जागी काहीतरी वाढतंय. पंप देऊन घरी पाठवू नका, आधी स्कॅन करा. हे त्यांनी ज्युनियर डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. घोकलं नाही त्याला फैलावर घेतलं होतं.

पाळणा संपला. आणि स्पीकरमधून त्यांचा स्वतःचाच आवाज आला, चांगला खुशीतला.

"एवढ्यात दम लागला? वय झालं हो, बाईसाहेब!"

सुनीती हसली. हसतानाही शिट्टी वाजली.

त्या दिवशी ते टेबलाच्या पलीकडेच बसले होते, चहा पीत. परक्या बाईचा असा श्वास त्यांनी वॉर्डच्या दारातून ओळखला असता. रोज रात्री शेजारी झोपणाऱ्या बायकोचा ओळखला नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"बाबा, हे तुमचं शेवटचं कट करू? की ठेवू? फनी आहे."

"ठेव," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

कुशने ठिपका खाली ओढला, पार तळाशी. मग हेडफोन उचलून त्यांच्या कानांवर बसवले. स्टेथोस्कोप लावताना मिटायचे तसे डॉक्टरांचे डोळे आपोआप मिटले.

सुनीतीने पाळणा पहिल्यापासून म्हटला. मोकळ्या, निरोगी छातीने म्हटला. कडव्यामागून कडवं झालं, कुठेही दम लागला नाही.

कुशने एका कानावरचा हेडफोन जरा बाजूला केला. "आता येते ऐकू, शिट्टी?"

"नाही," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. "तेव्हाही नव्हती आली."