दात जमत नव्हते

“बाई, मशेरीला इंग्रजीत काय म्हणतात? सांगा की लवकर, घंटा होईल!” चौथीतली मुक्ता एका जागी ठरेना.

शाळेतल्या संगणकावरच्या फुकटातल्या डिझाइन टूलला इंग्रजीत वर्णन सांगितलं की वर्गाच्या भिंतीवर तसं हलतं-बोलतं माणूस उभं राहायचं आणि तास संपला की पुसलं जायचं. मुक्ता दिवाळीत वारलेली आई घडवत होती. लुगडं जमलं, कपाळावरचं गोंदण जमलं. दात मात्र पुन्हापुन्हा पांढरेशुभ्रच येत होते.

डहाके बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “टोबॅको पावडर म्हण. ब्लॅक टीथ.”

मुक्ता म्हणाली. दात काळे झाले.

ती धावत भिंतीला जाऊन चिकटली. “आये, जेवलीस का गं?”

आई त्याच काळ्या दातांनी हसली. “इंग्लिश, प्लीज.”