एक टप्पा की दोन

चेंडू एक टप्पा पडून हातात आला की दोन, हे पंच मोरिता-सानना दिसलं नाही. नेमक्या त्याच क्षणी वाऱ्याने त्यांची उंच काळी हॅट नाकापर्यंत उतरवली होती.

एक टप्पा असेल तर शेवटचे फलंदाज चंद्रहासराव आउट, आणि टोकियोतल्या फुनाबोरीचा मराठी संघ हरला. दोन असतील तर धावत आलेल्या दोन्ही गड्यांच्या धावा धरल्या जाणार, आणि संघ जिंकला. सात वर्षांत सात वेळा हरल्यानंतर.

खेळ बेसबॉलचाच, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या नियमांनी. हातमोजे नाहीत. एक टप्पा पडून झेल घेतला तरी आउट. हे आपल्या मंडळींना शिकवावं लागलं नाही, सगळे गल्लीत तेच खेळून मोठे झालेले. पंचाला दिसलं नाही तर खेळाडूला विचारायचं, आणि खेळाडूने खरं सांगायचं. हे मात्र शिकवावं लागलं.

चेंडू होता प्रतिस्पर्धी ग्योतोकु संघाच्या कुरोदा-सानांच्या हातात. वय एकाहत्तर, बोटं सुजलेली, चेहरा शांत. भूकंपाच्या वर्षी चंद्रहासरावांच्या इमारतीची लिफ्ट बंद असताना हे गृहस्थ पाण्याचे दोन कॅन घेऊन सात मजले चढून आले होते. उपकार कसे फेडावेत ते चंद्रहासरावांना कळेना. मग कुरोदा-साननीच विचारलं, "आमच्याविरुद्ध खेळाल का? मोज्यांशिवाय कोणी खेळायला तयार होत नाही." चंद्रहासराव पडले बँकेतले, फेडायची संधी आल्यावर नाही कसं म्हणणार?

तेव्हापासून दर नोव्हेंबरात सामना. हरणाऱ्याने चेंडूवर तारीख घालून तो जिंकणाऱ्याला द्यायचा, ही प्रथा. कुरोदा-सानांच्या कपाटात असे सात चेंडू होते. चंद्रहासराव निवृत्त होऊन गुरुवारी कायमचे मुंबईला निघणार होते आणि त्यांना फक्त एक हवा होता. हे दोन्ही संघांना ठाऊक होतं.

"कुरोदा-सान," पंचांनी हॅट वर केली, "किती टप्पे?"

"दोन," कुरोदा-सान म्हणाले.

फुनाबोरीकरांनी आरोळी ठोकली. तेवढ्यात चंद्रहासराव पुढे झाले आणि म्हणाले, "एक. मी आउट आहे."

"अहो चंद्रहासराव," मागून त्यांच्याच संघातला विजयकुमार कळवळला, "तुम्हाला विचारलंय का कोणी?"

"आपला चष्मा जरा जुना झाला असावा," कुरोदा-सान कमरेत वाकून म्हणाले.

"मागच्याच महिन्यात बदललाय," चंद्रहासराव त्याहून खाली वाकले.

कुरोदा-सान आणखी वाकले. भांडण असं वाढत वाढत गुडघ्यांपर्यंत आलं. शेवटी दोघांच्याही कंबरा धरल्या, म्हणून ते थांबलं.

मोरिता-साननी नियमांची पुस्तिका काढली. खेळाडूंचं जुळत नसेल तर प्रेक्षकांना विचारावं. प्रेक्षक दोन होते. त्यातली एक ओवी, संघातल्या ऋषीची पाच वर्षांची मुलगी. तिला विचारल्यावर तिने जपानीत आणखी एक ओनिगिरी मागितली, भाताचा तिकोनी गोळा.

दुसऱ्या प्रेक्षक चंद्रहासरावांच्या पत्नी सुरेखाबाई. "पुरे झालं तुमचं जपान" हे वाक्य त्या अकरा वर्षं म्हणत आल्या होत्या. सध्या भेटेल त्याला, न विचारता, निघायला किती दिवस उरले ते सांगत. आज चार. सामना सुरू झाल्यापासून त्या घडीच्या खुर्चीवर बसून मोबाइल धरून होत्या.

"वहिनी, व्हिडिओ दाखवा!" विजयकुमार ओरडला.

"बॅटरी संपली," सुरेखाबाई म्हणाल्या आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. "यांनी बॅट उचलली आणि तो बंदच पडला."

"पण तुम्ही बघितलं असेल ना?"

"नाही बाई. मी मोबाइललाच काय झालं ते बघत होते."

चार वाजले. मैदान चारपर्यंतच मिळालेलं. पुढच्या वेळेचा शाळेचा संघ टोप्या काढून कडेला रांगेत उभा राहिला होता, आणि जपानात अशा रांगेपुढे कोणाचंच काही चालत नाही. पंचांनी जाहीर केलं, सामना अपुरा. हाच चेंडू पुन्हा टाकायचा, पुढच्या नोव्हेंबरात, इथूनच.

"फलंदाज तोच हवा," कुरोदा-सान लगबगीने म्हणाले.

"पण मी गुरुवारी..." चंद्रहासराव म्हणाले.

"म्हणजे परत यावं लागणार!" सुरेखाबाईंनी खुर्ची खाडकन मिटली. "काय ही कटकट!"

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा आधी जयजयकार करायचा असतो. कोण हरलं ते कळेना, म्हणून दोन्ही संघांनी एकदमच केला. मग कुरोदा-साननी चेंडूवर तारीख घातली, पुढे 'अपुरा' असं लिहिलं, आणि तो चंद्रहासरावांच्या हातात ठेवला. "सांभाळायला दिलाय," त्यांनी बजावलं. "तुमचा नाही. आणून द्यायचा."

गुरुवारी विमानात सुरेखाबाईंचा डोळा लागला होता. कुरोदा-सानांचा फोटो पुन्हा बघावा म्हणून चंद्रहासरावांनी सुरेखाबाईंचा मोबाइल घेतला. स्वतःच्या मोबाइलवर गजर लावायलाही त्यांना बायको लागे, त्यामुळे फोटोऐवजी एक व्हिडिओ सुरू झाला. हॅट घसरली. चेंडू उडाला, खाली आला, स्वच्छ एक टप्पा पडला आणि कुरोदा-सानांच्या ओंजळीत बसला. त्याबरोबर अगदी कानाशी सुरेखाबाईंचा आवाज आला, "गेले हे! आउट!"

चंद्रहासरावांनी शेजारी पाहिलं. मग मांडीवरचा चेंडू खिशात घातला, चष्मा पुसला, आणि व्हिडिओ कायमचा कसा पुसतात ते आयुष्यात पहिल्यांदाच, कोणालाही न विचारता, शोधून काढलं.