आकड्याची चिठ्ठी

"अकरा," नर्स तेन्मोळी म्हणाली.

ऑपरेशन थिएटरात एवढ्या मोठ्याने तिने आकडा कधी सांगितला नव्हता. पण आज टेबलावर तिचा बाप होता. पायातली शीर काढून हृदयावर जोडून झाली होती, आणि त्या शिरेला लावलेला, प्रवाह मोजणारा प्रोब सांगत होता, मिनिटाला अकरा मिली रक्त. वीस तरी हवं.

मदुरैच्या त्या इस्पितळात डॉक्टर शण्मुगनाथन निम्मे बायपास हृदय थांबवून, मशिनवर करत. निम्मे असे, धडधडत्या हृदयावर. दोन्हींचे आकडे तक्त्यात जात. धडधडत्या हृदयाचे नेहमी सरस! पुढच्या महिन्यात चेन्नईच्या परिषदेत तो तक्ता झळकायचा होता. सरस का, ते आतल्या तिघांनाच ठाऊक. धडधडत्या हृदयावर आकडा कमी आला की भूल देणारे पळनियप्पन औषध सोडत, रक्तदाब चढे, त्याबरोबर प्रवाहही, आणि चढलेला आकडा तेन्मोळी लिहून घेई. तोच चिठ्ठीवर लिहून बाहेर नातेवाइकांना द्यायची तिथली रीत.

आजही पळनियप्पनांचा हात सिरिंजकडे गेला.

"अण्णा, सोडू नका!"

"दम धर," डॉक्टर म्हणाले. "दाब चढला की तिशी गाठेल."

"संध्याकाळी दाब उतरेल, सर. मग काय वाहणार? टाका आवळलाय. उसवा तो. बाप आहे माझा."

मास्कवरून डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग टाके उसवले, पुन्हा घातले. अर्धा तास गेला. तिने प्रोब लावला. औषधाशिवाय अठ्ठावीस! तेन्मोळीला तिथंच रडू फुटलं.

"दोन वर्षं जिभेला काय झालं होतं गं?" डॉक्टर हातमोजे ओढत म्हणाले. "एकशे चाळीस जणांचे आकडे लिहिलेस. त्यांना मुली नव्हत्या?"

लिही म्हणून सांगणारे तुम्हीच ना, सर, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"तुझे अप्पा अजून आठ दिवस आपल्याकडेच आहेत," जाता जाता डॉक्टर म्हणाले. "काळजी करू नकोस."

दुपारी दिंडुक्कलचा एक कुलूपवाला टेबलावर आला. हेही हृदय चालूच. शीर जोडून झाली, तिने प्रोब लावला. बारा.

तिने आकडा उच्चारला नाही. पळनियप्पनांनी सिरिंज उचलली आणि आज पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. अतिदक्षता विभागात अप्पा अजून शुद्धीवर यायचे होते. तेन्मोळी प्रोब धरून नुसती उभी राहिली. औषध गेलं. आकडा चढत गेला.

"लिही," डॉक्टर म्हणाले.

तिने लिहिलं.

बाहेर कुलूपवाल्याची मुलगी सकाळपासून उपाशी बसली होती. दार उघडताच धावत आली.

"अक्का, किती आला?"

तेन्मोळीने चिठ्ठी पुढे केली. तेहतीस. मुलीने आकडा दोनदा वाचला आणि चिठ्ठी दोन्ही डोळ्यांना लावली.