ग्रीटचं टेबल

"तुमची ग्रीट झोपली की काय, सिब्रेन?" समोरून रूलॉफने विचारलं.

"विचार करतेय." सिब्रेन दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. "तुझ्या बागुलबुवासारखी घिसाडघाई नाही तिच्यात."

आजूबाजूचे हसले. लायडनच्या त्या सभागृहात वर्षातून तीन दिवस संगणकांचं बुद्धिबळ चाले. प्रोग्रामने पडद्यावर चाल सांगायची, मालकाने पटावर ती सोंगटी सरकवायची, बस्स. आणि मालकांचं कौतुक तर विचारू नका! कुणाचा प्रोग्राम रुसका, कुणाचा भित्रा. रूलॉफचा 'बागुलबुवा' उतावळा, आणि ग्रीट सगळ्यांत नखरेल. तिला गोंगाट खपत नसे. जेवणानंतर तिच्या चुका होत. पडद्यात कुणी डोकावलेलं तिला मुळीच चालत नसे, म्हणून तो कायम भिंतीला पाठ लावून बसलेल्या सिब्रेनकडेच वळलेला.

तीन वर्षांत अर्धाही गुण नाही, तर टेबल दुसऱ्याला, असा नियम होता. ग्रीटचं हे तिसरं वर्ष आणि हा शेवटचा डाव.

"टेबल गेलं तर प्रेक्षक म्हणून या की," रूलॉफ म्हणाला.

"प्रेक्षकाशी कोण बोलतं रे?"

बायको गेल्यापासून या माणसाशी वर्षभर कुणी बोलत नाही, हे रूलॉफला ठाऊक होतं. फार एकटे होते सिब्रेन.

ग्रीटचा राजा कोपऱ्यात अडकला होता. बराच वेळ गेला. मग सिब्रेननी हत्ती उचलून सरळ शत्रूच्या राजाशेजारी ठेवला. मारला नाही तर शहावर शह चालूच, मारला तर शह नसतानाही ग्रीटला एकही चाल उरत नाही. दोन्हीकडून बरोबरी, म्हणजे अर्धा गुण.

"अरे बापरे! हे कधी शिकवलंत तिला?"

"मी कुठे? तिचं तीच." सिब्रेनचे डोळे भरून आले होते. टेबल वाचलं होतं.

निकालावर सही करायला ते लगबगीने पुढे गेले. त्यांच्या कमरेचं दुखणं रूलॉफला माहीत होतं. ग्रीटचा तो जुना पत्र्याचा संगणक खाली गाडीपर्यंत नेऊन द्यावा म्हणून त्याने पाय रोवले, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि तोल जाऊन मागे कोलमडता कोलमडता वाचला. वरचं झाकण निसटलं.

आत एकही तार नव्हती. फक्त सिब्रेनचा पावाचा डबा होता.