दहा वर्षं मागची तारीख

"बाबा, तुम्ही माझे मेसेज चोरून वाचता का?"

विचारून टाकलं एकदाचं! मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैजच लावली होती, हिची हिंमत होणार नाही म्हणून. चष्मीश तर म्हणाली होती, "तू फक्त आमच्यासमोर वाघीण."

बाबांच्या हातातला पेपर जरासुद्धा हलला नाही. तेच तर संशयास्पद होतं.

"मला तेवढेच उद्योग आहेत का?" पेपरामागून आवाज आला.

"काहीतरीच काय विचारतेस गं!" आई म्हणाली, आणि तिने एकाच टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घातली.

लेक टेबलाशी जाऊन बसली. जेवणाच्या टेबलावर बाबांचा माळ्यावरचा जुना लॅपटॉप उघडा होता, विटेसारखा जाड. त्याच्यावर ती त्याच्याच काळातली ऑपरेटिंग सिस्टीम टाकत होती. पेन ड्राइव्ह घातला, बटण दाबलं, पंखा घरघरला आणि सूचना आली: मुदत संपली आहे, इन्स्टॉल करता येणार नाही.

तिने सेटिंगमध्ये शिरून तारीख बदलली. थेट दहा वर्षं मागे.

आता मात्र पेपर खाली आला. "तारीख कशाला बदललीस? हे दिलं कोणी तुला? चोरीचं तर नाही ना?"

"कॉम्प्युटरच्या बाईंनी दिलंय. विचारा त्यांना. सिस्टीम जुनी आहे ना, आजची तारीख बघून बिचकते. आपल्याच काळात आहोत असं वाटलं की निमूट चालते."

चाललीसुद्धा! निळी पट्टी पुढे सरकू लागली.

"दहा वर्षं मागे," आई म्हणाली. "म्हणजे तू पाच वर्षांची. शाळेतून आलीस की दप्तर काढायच्या आधी सगळं सांगून मोकळी व्हायचीस."

"सगळं," बाबा म्हणाले. मग एकदम आठवल्यासारखे, "पण नवाकोरा लॅपटॉप असताना हा डबा हवाय कशाला?"

"इतक्या जुन्या सिस्टीमवर नजर ठेवणारा कुठलाच प्रोग्रॅम चालत नाही, म्हणून."

पेपर परत वर गेला.

तिने दाराजवळचं खोकं उघडलं. आईने सकाळीच आणलेले शाळेचे नवे बूट. ते घालून ती हॉलभर चालली. दर पावलाला टाच बाहेर. फटक, फटक.

"एक नंबर मोठेच घेतले मुद्दाम," आई म्हणाली. "जुने चावतात ना तुला?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आईला दिसतं."

"आई, जुने अजिबात चावत नाहीत. परवा मी चष्मीशला खोटंच लिहून पाठवलं, बूट चावतात म्हणून. घरात कोणाला एक शब्द बोलले नव्हते. मुद्दाम."

टॉवेल आईच्या हातात तसाच राहिला. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपराकडे.

"काळजी वाटते गं," शेवटी ते म्हणाले. "हल्ली तू काही बोलतच नाहीस."

पैज जिंकली होती. पण उडी मारावीशी वाटेना. त्या बुटांत मारताही आली नसती.

पट्टी भरली. लॅपटॉपने नाव विचारलं, तिने आपलं लिहिलं. मग पासवर्डची चौकट आली. ती दिसताच बाबा उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आईनेही त्यांच्या शेजारी जाऊन पाठ फिरवली.

दोघांच्या त्या पाठींकडे ती बघत राहिली. मग चौकट रिकामीच ठेवून तिने एंटर दाबलं.

"वळा दोघं इकडे. मी ठरवलंय," ती म्हणाली. "नवा लॅपटॉप तुम्ही ठेवा. मी यावर लिहिणार, आणि याला पासवर्ड नाही. इथेच टेबलावर उघडा राहील. पण बूट चावतायत का, ते आता मलाच विचारायचं."